आई एकटी राहते : कॅमेरा, सेन्सर की आणखी काही? अनुभव हवेत

मृण्मयी_एनजे

नमस्कार. पुण्यात कोथरूडला आई एकटी राहते. वय ७९. तब्येत तशी ठणठणीत. बीपीची एक गोळी आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सकाळी बागेत जाते, भिशी आहे, भजनी मंडळ आहे, भाजी स्वतः निवडून आणते. ती इकडे न्यू जर्सीला येऊन राहणार नाही हे आमचं बोलून झालंय आणि तिचे मुद्दे मला पटलेलेही आहेत. त्यामुळे 'त्यांना घेऊन जा' किंवा 'तुम्हीच परत या' हे सल्ले कृपया नकोत. त्यावर इथे ढिगाने धागे आहेत.

विषय निघाला तो सोसायटीतल्या एका काकांमुळे. रात्री बाथरूममध्ये पडले. मुख्य दाराला आतून कडी, बाथरूमलाही कडी. दुसऱ्या दिवशी दुपारी दुधाची पिशवी तशीच लटकलेली पाहून वॉचमनने आरडाओरडा केला, मग सुतार बोलावून दार फोडलं. काका वाचले, पण हॉस्पिटलातून लवकर सुटका झाली नाही.

ते ऐकल्यापासून भावाने (तो बंगळुरूला) ठरवूनच टाकलंय की चारही खोल्यांत कॅमेरे लावायचे. आई म्हणाली, "मी काय दुकान आहे का?" त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

मला विचारायचंय ते असं. कॅमेऱ्याशिवाय काय करता येतं? हातातली घड्याळं कितपत कामाची? लाइट गेले की हे सगळं बंद पडतं का? बजेट पंचवीस-तीस हजार. आईकडे वायफाय आहे, व्हॉट्सॲप उत्तम वापरते.

तळ्यात_मळ्यात

"मी काय दुकान आहे का"ला साष्टांग दंडवत. वाचतेय.

बाकी आमच्याकडची मॉनिटरिंग सिस्टीम म्हणजे आत्याचा सकाळी सव्वासहाचा गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात. सात वाजेपर्यंत फूल आलं नाही तर सगळे भाऊ-बहिणी एकदम फोन करतात आणि तिचा फोन एंगेज लागतो.

खटपट्या

कॅमेऱ्याशिवाय होतं, आणि माझ्या मते जास्त चांगलं होतं. सासूबाई साताऱ्याला एकट्या असतात, त्यांच्याकडे काय लावलंय ते सांगतो.

दाराला लावायचे चुंबकी सेन्सर मिळतात. दोन तुकडे, एक चौकटीवर, एक दारावर. दार उघडलं की चुंबक लांब जातो आणि आतला रीड स्विच सुटतो, एवढंच तंत्र. एक मुख्य दाराला, एक बाथरूमच्या दाराला आणि एक फ्रिजला. पॅसेजमध्ये हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर. हे सगळे झिगबीवर (सेन्सरसाठीची एक बिनतारी पद्धत) चालतात, वायफायपेक्षा फारच कमी वीज खातात, त्यामुळे नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर तरी निघतं. मध्ये एक हब लागतो, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करून पुढे पाठवणारा डबा. मी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट टाकलंय, सॉफ्टवेअर फुकट आहे. पण ज्यांना खटपट नको त्यांनी तयार हब घ्यावा.

खरी मेख नियमात आहे. लोक 'काही घडलं की कळव' असा नियम लावतात. दार उघडलं, मेसेज. बाथरूमला गेल्या, मेसेज. आठवड्याभरात माणूस वैतागून फोन म्यूट करतो. माझा नियम उलटा: जे घडायला हवं ते घडलं नाही, तर कळव. सासूबाई सहाला उठून चहासाठी दूध काढतात. साडेसातपर्यंत फ्रिज उघडला नाही, तर मला मेसेज. बाथरूमचं दार लागून पाऊण तास झाला आणि बाहेर कुठेच हालचाल नाही, तर मेसेज नाही, थेट फोन वाजतो. बाकी दिवसभर चिडीचूप.

पण नेट गेलं तरी चिडीचूपच असतं. म्हणून हबने दर काही मिनिटांनी 'मी चालू आहे' असा निरोप पाठवायचा, आणि तो थांबला तर वेगळा मेसेज यायला हवा: घराचा संपर्क तुटलाय. नाहीतर लाइट गेले आणि तुम्ही समजणार आई पडली. किंवा आई पडली आणि तुम्ही समजणार लाइट गेले असतील. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दोन हजारांत. सेन्सर नंतर, तो आधी घ्या.

अवांतर: ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ साली गरम पाण्याच्या विजेच्या भांड्यातच हे बसवलं. आजीने चहाला पाणी कधी कधी घेतलं ते मुलांना ईमेलने कळायचं. आजीला नवं काही शिकायचं नाही, अंगावर घालायचं नाही, चार्ज करायचं नाही.

प्रॅक्टिकल_पंत

मी भावाच्या बाजूने. वडील नाशिकला एकटे असतात. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, तिन्हीकडे वायफाय कॅमेरे, प्रत्येकी दोन-अडीच हजारांचे. शिवाय ॲपलचं घड्याळ. सुरुवातीला कुरकुरले, आता विसरूनही गेले. माणूस जमिनीवर पडलेला असतो तेव्हा त्याला प्रायव्हसी आठवत नाही, मदत आठवते. सेन्सर सांगणार 'फ्रिज उघडला नाही'. म्हणजे काय समजायचं? उपास आहे की अटॅक आलाय? कॅमेरा उघडा, दोन सेकंदांत उत्तर.

तळ्यात_मळ्यात

पंत, बाथरूममध्येही लावलाय का? कारण माणसं तिथेच पडतात.

हाडांची_मैत्रीण

मी फिजिओथेरपिस्ट, घरी जाऊन ज्येष्ठांचे व्यायाम घेते. पडण्याबद्दल थोडं.

पडल्यावर हाड मोडतं ते सगळ्यांना दिसतं. पण किती वेळ जमिनीवर पडून राहिलं यावरही बरंच अवलंबून असतं. एकाच कुशीवर तासन्‌तास पडलं तर अंगाखाली दबलेले स्नायू तुटायला लागतात, त्यातला मळ रक्तात उतरून मूत्रपिंडांवर येतो. त्यात पाणी नाही, लादी गार, कातडीला जखमा. हाड न मोडताही माणूस अतिदक्षता विभागात पोचतो. म्हणून 'लवकर कळणं' याला अर्थ आहे.

आता बटणांविषयी. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांचा अभ्यास झाला होता, २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मदतीचं बटण बऱ्याच जणांकडे होतं, पण एकटं असताना पडून उठता न आलेल्यांपैकी बहुतेकांनी ते दाबलंच नाही. कुणाच्या हाताशी नव्हतं, कुणाला वाटलं उठू आपलं आपण, कुणाला उगाच गोंधळ नको होता. आपल्याकडे वेगळं होईल असं मला वाटत नाही. माझ्या पेशंटांची गळ्यातली बटणं देवघराच्या खिळ्याला असतात.

घड्याळ हात आपटल्याचा जोरदार झटका ओळखतं. ॲपलमध्ये ही सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे, ५५ च्या वरचं वय नोंदवलं असेल तर आपोआप चालू होते. जोरात पडून साधारण मिनिटभर हालचाल झाली नाही की ते स्वतःच इमर्जन्सी नंबर लावतं. चांगली गोष्ट आहे. पण म्हातारी माणसं बरेचदा धाडकन पडत नाहीत, भिंतीला धरत धरत खाली बसतात आणि मग उठता येत नाही. ते घड्याळाला कळेलच असं नाही. शिवाय ते रोज चार्ज करायचं, आणि आंघोळीला जाताना आपली आई ते हमखास काढून ठेवणार.

या सगळ्याच्या आधी सुतार आणि प्लंबर बोलवा. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार आत उघडतं. माणूस दाराला टेकून पडला की बाहेरून ढकलता येत नाही, आणि ढकललं तर त्यालाच लागतं. दार बाहेर उघडणारं करून घ्या. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॅच लावा. कमोडजवळ आणि शॉवरजवळ स्टीलचे दांडे, भिंतीत ड्रिल करून; चोखणीचे नकोत, भार पडला की निघून हातात येतात. पलंगापासून संडासापर्यंत हालचालीवर लागणारे दिवे. रात्री लघवीला उठणं ही सगळ्यात नाजूक वेळ.

आणि पाय ओढत चालायला लागल्या असतील तर कुठल्याही सेन्सरपेक्षा मांड्यांचे व्यायाम स्वस्त आहेत. हे मी फी मिळावी म्हणून सांगत नाहीये.

अण्णा_डोंबिवली

ज्यांच्याबद्दल चर्चा चालली आहे त्या वयाचा मी आहे, ७६. एकटा राहतो. रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यातून निवृत्त. मुलगी मेलबर्नला. तिने विषय काढायच्या आधीच मी घरात सेन्सर बसवले, कारण ती काढणार हे मला ठाऊक होतं आणि तिने सुचवलेलं काही बसवून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

खटपट्या यांचा 'संपर्क तुटला' हा मुद्दा लाखमोलाचा. आमच्या खात्यात धडा पहिला: यंत्रणा बिघडली की सिग्नल लाल व्हायला हवा, हिरवा राहता कामा नये. बाजारात मिळणारी बरीच खेळणी बिघडली की हिरवीच राहतात.

माझी मांडणी अशी. गजर पहिल्यांदा माझ्याच फोनवर होतो. मी दहा मिनिटांत बंद केला तर विषय संपला, कुणाला कळतही नाही. नाही केला, तर खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांकडे जातो. त्यांच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे. मुलीला शेवटी. ती बिचारी मेलबर्नहून काय करणार? कुलकर्ण्यांनाच फोन करणार ना? मग मधला वळसा कशाला?

तुम्ही सगळे कळणार कसं यावर अडकला आहात. माझा प्रश्न, कळल्यावर दार कोण उघडणार? त्या काकांच्या घरी जगातला सगळ्यात भारी सेन्सर असता, तरी मुख्य दाराची कडी आतून होतीच. मी रात्री कडी घालत नाही. नुसतं लॅच, बाहेरून किल्लीने उघडतं. चोराची भीती? माझ्या घरात चोरण्यासारखं आता मीच आहे.

आणखी एक. मुलीला माझ्या फ्रिजचा हिशोब दिसत नाही. रात्री अकराला श्रीखंड काढलं तर तो मी आणि माझी साखर यांच्यातला प्रश्न.

तक्रार एकच. सेन्सर छताजवळ लावू नका. सेल बदलायला मी स्टुलावर चढणार, आणि तिथून पडलो तर बातमी कोण देणार? सेल माझ्या मुठीत.

खटपट्या

अण्णा, _/\_. गजर आधी स्वतःला, ही आयडिया ढापतोय. आजच सासूबाईंचा नियम बदलतो.

वऱ्हाडी_ठेचा

अकोल्यातून एक इशारा. पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक हलताना पाहतो. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ आणि वरच्या मजल्याच्या खोलीत ३७-३८ असतं. मग फरकच उरत नाही, अन् सेन्सर आंधळा होतो. बाबा हॉलमध्ये येरझारा घालत होते अन् मला पुण्यात मेसेज, 'हालचाल नाही'. कूलर सुरू असला की जरा बरं.

उलटाही प्रकार होतो. सेन्सरच्या भिंगावर पाल बसली की ती हलली तरी 'हालचाल आहे'. बाबा तीन दिवस काकाकडे गेलेले, अन् घरात आपली छान वर्दळ सुरू! हसण्यावारी नेऊ नका, खोटा धीर जास्त वाईट. म्हणून एकट्या पीआयआरवर भिस्त नको. फ्रिज, बाथरूमचं दार असं माणसाच्या हातानंच होणारं काहीतरी सोबत पाहिजे. पाल फ्रिज उघडत नाही, अजून तरी.

खटपट्या

बरोबर. यावर उपाय म्हणून आता रडारवाले सेन्सर आलेत, २४ किंवा ६० गिगाहर्ट्झचे. श्वासाइतकी बारीक हालचालही टिपतात, चित्र काहीच दिसत नाही, छतावर लावले तर काही मॉडेल पडल्याचंही ओळखतात. उष्णतेशी यांचं देणंघेणं नाही. पण फिरता पंखा आणि वाऱ्याने हलणारा पडदा यांनाही माणूसच वाटतो! बाथरूममध्ये पंखा नसतो, तिथे मात्र चांगले. वाफेपासून जपा आणि यांना सेल पुरत नाही, वायर लागते.

सुलभा_ठाणे

मी कॅमेरा लावलाय, पंतांसारखा नाही पण लावलाय, म्हणून लिहिते. सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे. शेजारच्या विंगमध्ये राहतात, दिवसा मावशी असतात, रात्री त्या एकट्याच झोपतात, दुसऱ्या कुणाला झोपू देत नाहीत. पहाटे तीनला पर्स घेऊन शाळेत शिकवायला निघायच्या. एकदा गेटपर्यंत पोचल्या होत्या. आता दाराला सेन्सर आहे, रात्री दार उघडलं की माझ्या उशाशी घंटा वाजते. कॅमेरा एकच, हॉलमध्ये, रोख फक्त दाराकडे. त्या निघाल्या की मी त्यातूनच बोलते, "आई, आज रविवार आहे." मग त्या परत जाऊन झोपतात. मी पोचेपर्यंतची दहा मिनिटं त्यातून मिळतात. अशा आजारात कॅमेऱ्याला पर्याय नाही, असं मला वाटतं. पण मृण्मयीची आई भिशी चालवतेय. दोघींना एकच माप लावू नका.

आणखी एक गोष्ट कुणी बोललंच नाही. त्या घरात काम करणाऱ्या बाईही दिवसभर त्या कॅमेऱ्यात असतात. आमच्या मावशींना मी पहिल्याच दिवशी दाखवला, काय दिसतं ते फोनवर उघडून दाखवलं, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं. "ताई, मग जेवायला मी आतल्या खोलीत बसते," एवढंच म्हणाल्या. त्या वाक्याने मला जरा लाजल्यासारखं झालं.

प्रॅक्टिकल_पंत

सुलभाताई, मुद्दा मान्य. आमच्याकडे बाईंना सांगितलेलं नाही, सांगतो. पण दोन सेकंदांत उत्तर मिळतं यावर मी ठाम आहे. सेन्सरने उठवायचं, कॅमेऱ्याने बघायचं, असं का नाही?

खटपट्या

पंत, ते जमण्यासारखं आहे. काही कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मोड असतो, त्यात चित्रच बंद होतं. एरवी कॅमेरा स्मार्ट प्लगवर (दूरून चालू-बंद करता येणारा प्लग) ठेवून वीजच तोडायची. गजर झाला आणि कुणी उत्तर दिलं नाही, तरच प्लग चालू. बघितलं की बंद. आजोबांनाही दिव्यावरून कळतं की आत्ता कुणीतरी बघतंय.

कॅमेरा घेताना पासवर्ड आधी बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर पकडले होते, ते फक्त कंपनीचे मूळ पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. गल्लीतला नाव-गाव नसलेला स्वस्त माल घेऊ नका.

तसंच दरमहा पैसे घेणाऱ्या ऑनलाइन सेवेवर सगळा भार नको. अमेरिकेत ॲमेझॉनने खास एकट्या ज्येष्ठांसाठी अलेक्सा टुगेदर काढली होती, जून २०२४ मध्ये बंद केली. सेन्सर भिंतीवर, सेवा गायब.

हॅम्बुर्गची_माई

अण्णांच्या किल्लीवरून. जर्मनीत 'हाउसनोटरूफ' म्हणून प्रकार आहे, माझ्या शेजारच्या ओमाकडे (म्हणजे आजीकडे) आहे. मनगटावर बटण, टेबलावर स्पीकरचा डबा. दाबलं की मालटेझर, योहानिटर किंवा रेड क्रॉससारख्या संस्थेचं केंद्र त्या डब्यातूनच बोलतं. ओमाची किल्ली त्या संस्थेकडे सील करून ठेवलेली असते, त्यांचा माणूस ती घेऊन येतो. दार फोडायचा प्रश्नच नाही. सरकारमान्य परावलंबित्वाचा दर्जा असेल तर दरमहा २५.५० युरो विमा देतो.

ओमाच्या डब्यावर आणखी एक बटण आहे. रोज एकदा दाबायचं, 'मी बरी आहे' म्हणून. नाही दाबलं तर केंद्रातून फोन येतो. ती रोज विसरते, रोज फोन येतो, आणि मला दाट संशय आहे की ती मुद्दाम विसरते. बोलायला कुणीतरी मिळतं.

तळ्यात_मळ्यात

म्हणजे आत्याच्या गुलाबाचं जर्मन रूप.

गडगा

राजापूरच्या आत एका वाडीत आई-बाबा असतात, आता बाबाच. तुमचं सगळं वाचून हेवा वाटला. आमच्याकडे मोबाइलची रेंज घरात नाही, खळ्याच्या कडेला गडग्यावर उभं राहिलं की दोन काड्या. फायबर आलं, पण जूनमध्ये वीज कडाडली की पहिला बळी राउटरचा. त्यामुळे बाबा ढग दिसले की सगळ्या पिना काढून ठेवतात. म्हणजे पावसाळ्यात, नेमकं पडायची भीती जास्त तेव्हा, सगळं बंद.

शेवटी मी काय केलं, तर विजेची घंटा. साधी बेल, बाबांच्या पलंगाशी आणि मोरीत एकेक बटण, वायर ओढून घंटा शेजारच्या घरात. इन्व्हर्टरवर. इंटरनेट नाही, ॲप नाही, सेल नाही. मध्यरात्री वाजली तर तात्या कंदील... सॉरी, बॅटरी घेऊन धावतात. आतापर्यंत वाजली ती दोनदा आणि दोन्ही वेळा मांजरामुळे. तात्या अजून धावतात, हे महत्त्वाचं.

मृण्मयी_एनजे

बाप रे, किती मिळालं! सगळ्यांचे आभार. आईला फोनवर बरंच वाचून दाखवलं. 'पाल फ्रिज उघडत नाही'वर ती खूप वेळ हसत होती.

एक हिशोब मांडल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. मी समजत होते रात्र धोक्याची. पण पुण्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार असतात, मी ऑफिसात टक्क जागी. उलट पुण्यात दुपारी दोनला मी गाढ झोपेत, भाऊ मीटिंगमध्ये, सोसायटीतले अर्धे लोक कामावर. भोक दुपारी आहे.

आणि मला इथून ११२ किंवा १०८ लावता येणार नाही! हे डोक्यातच आलं नव्हतं. लावला तर इथलंच कुणीतरी उचलेल.

हाडांची_मैत्रीण

अगदी बरोबर. लघु क्रमांक परदेशातून लागत नाहीत. जवळच्या हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेचा दहा आकडी नंबर आणि पोलीस ठाण्याचा लँडलाइन ९१-२० लावून आत्ताच सेव्ह करा आणि एकदा लावून बघा. १४५६७ ही एल्डरलाइन चांगली आहे, पण ती सल्ला, तक्रार, मदत यासाठी, सकाळी ८ ते रात्री ८. रात्री पडलेल्या माणसासाठी ११२ किंवा १०८ च, आणि ते तिथल्या कुणीतरी लावायला हवेत.

सुलभा_ठाणे

पोलीस ठाण्यात नाव नोंदवून या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आहे, एकटे राहणाऱ्यांची विशेषतः. आमच्याकडे हवालदार अधूनमधून येऊन चहा पिऊन जातात. सासूबाई त्यांना गृहपाठ देतात.

मृण्मयी_एनजे

आईशी आणि भावाशी एकत्र बोलणं झालं. (दोघं बोलायला लागले. तेवढ्यासाठीही धागा वसूल.)

ठरलं ते असं. कॅमेरा नाही. मुख्य दार, बाथरूम आणि फ्रिजला सेन्सर, बाथरूममध्ये रडार, राउटरला यूपीएस. खटपट्या, तुमच्या वेळेप्रमाणे एक फोन करू का? बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, दांडे, दिवे. हे काम गणपतीच्या आधी. अण्णांसारखा गजर आधी आईला. तिने दोन अटी घातल्या. एकादशीला आणि चतुर्थीला फ्रिजचा नियम बंद, आणि भजनी मंडळाची सहल असेल तर ती कुणाला न सांगता घराचा 'बाहेर आहे' मोड लावणार, कुठे गेली ते विचारायचं नाही.

किल्लीवरून मात्र वाद पेटलाय. मी गृहीत धरलं होतं की समोरच्या वहिनींकडे ठेवू. आई म्हणाली, त्या दिवसभर हिंजवडीला असतात, त्यांच्याकडे ठेवून काय उपयोग? तिला किल्ली द्यायचीय ती खालच्या इस्त्रीवाल्या दादांना. गेटपाशीच त्यांची टपरी, सकाळी आठ ते रात्री नऊ, रविवारीही. वीस वर्षं ओळखते म्हणे. भाऊ हादरलाय.

प्रॅक्टिकल_पंत

मीही हादरलो. माणूस चांगलाच असेल, पण किल्ली म्हणजे किल्ली. उद्या काही इकडचं तिकडे झालं तर पहिला संशय त्या बिचाऱ्यावर जाईल. त्याचाही विचार करा.

अण्णा_डोंबिवली

पंत प्रथमच पटले. किल्ली त्या दादांकडे नको, त्यांच्या भल्यासाठीच. पण आईंचं निरीक्षण सोडू नका, दुपारी हाकेच्या अंतरावर खरोखर कोण असतं हे त्यांनी बरोबर हेरलं आहे. निरोप दादांकडे जाऊ द्या, किल्ली त्याच इमारतीत घरीच असणाऱ्या एखाद्या निवृत्त जोडप्याकडे. दादा धावत वर येतील, किल्लीवाले दार उघडतील, दोघं एकमेकांसमोर आत जातील. आणि दोघांनाही आधी विचारा. न विचारता कुणाच्या गळ्यात किल्ली घालू नका.

मृण्मयी_एनजे

दुसऱ्या मजल्यावर लेले काका-काकू आहेत, दुपारी घरीच असतात. आई म्हणते काकू चौकस आहेत, फ्रिजमध्ये डोकावतील. पण तयार झाली.

गडगा

मृण्मयी, एक बघून घ्या. बऱ्याच नाईट लॅचना आतल्या बाजूला एक छोटी खिट्टी असते. ती सरकवली की बाहेरून किल्ली फिरतच नाही. म्हातारी माणसं रात्री सवयीने ती सरकवतात, कडी नाही घातली तरी. लेल्यांना किल्ली देऊन एकदा, आई आत असताना, बाहेरून उघडून बघायला सांगा.

मृण्मयी_एनजे

बघितलं. नाही उघडलं! आई आतून, काका बाहेरून, दोघं मिळून मला व्हिडिओ कॉलवर. खिट्टी होतीच. उद्या कुलूपवाला येतोय.